सोऱ्याचा खड्डा

खाडीवरचे धुके विरळ होऊ लागले तसा मुरडगडाचा बुरूज, मग त्याखालचा दर्या दरवाजा, आणि शेवटी दरवाजालगतचा सोऱ्याचा खड्डा दिसू लागला. गोठ्यांतली माती आणि गुरांचे मूत तिथे महिनोन्महिने कुजवीत; त्यातून निघणाऱ्या सोऱ्यावाचून तोफेची दारू बनत नसे. सारा गड त्या दारूवर विसंबून होता आणि सारा गड तिथून नाकाला शेला लावून जाई. त्या खड्ड्यात गडाचा गोलंदाज इनास तीन दिवस कमरेइतक्या घाणीत उभा होता.

शत्रूचे आरमार येत असल्याची खबर लागताच किल्लेदार येसाजीराव दळवींनी रिवाजाप्रमाणे सगळ्या शिबंदीला बेल-भंडार उचलून इमानाची शपथ घ्यायला लावली. इनासने पाळी येताच हात जोडले, पण तबकाला लावले नाहीत.

"सरकार, बेल-भंडार आपल्या देवाचा. मी ख्रिस्ताचा माणूस. मनात नसता उचलला तर दोन्हीकडे खोटा ठरेन. माझ्या क्रूसावर हात ठेवून इमान देतो."

"ज्याला त्याच्याच लोकांनी खिळे ठोकले," सबनीस रंगोपंत म्हणाले, "त्याच्यापाशी आम्ही दाद मागायची?"

सदर हसली. बेल-भंडार उचलीपर्यंत याला खड्ड्यात ठेवा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रेजिन पेज घेऊन आली. पहारेकऱ्यांनी ती खड्ड्यात ओतली आणि आता पी म्हणाले. रेजिनने नवऱ्याला शपथ घे म्हटले नाही. ती काठावर नुसती बसून राहिली.

तिसऱ्या पहाटे रंगोपंतांनी दरवाजावरचे पहारेकरी बुरुजावर पिटाळले. मग शेल्याआडून त्यांनी इनासला हलक्या आवाजात समजावले: धुक्यात गलबते टेकली आहेत, दरवाजा आता उघडेल, तू गप्प राहा. ते लोक तुला सोडवतील, तुझी प्रार्थना सुखाने कर. या गडाचे तू काय देणे लागतोस? बोलता बोलता त्यांनी अडसर काढला.

"पंत," इनास म्हणाला, "आपल्या तळव्यावर अजून भंडारा आहे."

तो कोपरांवर रेटत वर आला. मुताने सोललेल्या पायांवर उभे राहणे जमेना. तो दारावर अक्षरशः कोसळला आणि अडसर पुन्हा खोबणीत सारून ओरडला. पंतांची कट्यार त्याच्या खांद्यात शिरली, तरी माणसे धावून येईतो तो अडसराला बिलगून राहिला. तोफा सुटल्या, गलबते फिरली.

पंतांच्या मुसक्या बांधल्यावर येसाजीराव इनासपुढे आले. अत्तराचा बोळा नाकाशीच होता.

"इनास, आता बेल-भंडाराला नुसता हात लाव. हुकूम भर सदरेत झाला आहे, त्याची लाज राख."

"ते माझ्याच्याने होणार नाही, सरकार."

एवढे बोलून तो भिंतीच्या आधाराने मागे वळला आणि आपल्या पायांनी पुन्हा खड्ड्यात उतरला. या वेळी कुणी हसले नाही.

येसाजीरावांनी पंतांची आवळलेली मूठ उघडली. तळव्याच्या रेषांत हळद पिवळी दिसत होती. तीन दिवस खड्ड्याच्या वासाने जे झाले नव्हते ते आता झाले. किल्लेदारांना सर्वांदेखत भडभडून ओकारी आली. तोंड पुसून त्यांनी अत्तराचा बोळा फेकला, काठावर गुडघे टेकले आणि खड्ड्यात हात दिला.

इनासचे पाय पुन्हा धड झाले नाहीत. गळ्यात क्रूस घालून तो तोफेजवळ बसून राही. येसाजीरावांनी मात्र त्यानंतर मुरडगडावर कुणालाही बेल-भंडार उचलायला लावले नाही.