उक्कीच्या गाडीचा श्वास

“डोळे मिटा! आणि ओस्सी, तू तोंडही मीट!”

हुकूम सोडून हेल्का शेवाळावर आडवी झाली. तिच्या एका बाजूला तिचा धाकटा भाऊ नूत्ती, दुसऱ्या बाजूला शेजारचा ओस्सी. जुलैची दुपार होती. पाइनच्या शेंड्यांवर ऊन हलत होतं, पाठीखाली मऊ, गार शेवाळ होतं आणि हात लांब केला की ब्लूबेऱ्या मिळत होत्या. डोळे मिटले की रान आणखी मोठं व्हायचं. तळ्यावरचा वारा, एखादी माशी, आणि खूप लांबून येणारी गाडी, सगळं एकाच स्वप्नातलं वाटायचं. तिघांची सुट्टी दरवर्षी इथेच सुरू व्हायची, दूधकट्ट्याच्या वळणावर. पूर्वी शेतकरी त्या कट्ट्यावर दुधाचे कॅन ठेवायचे. आता तिथे नूत्तीची चप्पल होती.

आधी आली एक बारीक शीळ. मग वळणावर क्षणभर काहीच नाही. आणि मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी सुसाट चढावर गेली आणि वर पोचून शिंकली, “प्शूऽऽ!”

“माझी आई!” ओस्सी ओरडला.

“वळणावर थांबून कुणाची परवानगी मागते रे ती?” हेल्काने डोळे न उघडता विचारलं.

“टर्बोला दम भरायला वेळ लागतो! आधी पंखा गरगर फिरतो, मग तो इंजिनात हवा कोंबतो. आणि एकदा कोंबली ना, की चढावर तुझा उक्की फक्त धूळ खातो!”

“आमच्या उक्कीच्या गाडीला कुणी भरवावं लागत नाही. ती स्वतःच्या श्वासाने पळते. वळणातून बाहेर येते तेव्हा तुझी आई अजून पंखाच फिरवत असते!”

हे भांडण दर उन्हाळ्यात व्हायचं आणि दर उन्हाळ्यात अर्धंच राहायचं, कारण दोघांचंही खरं होतं. पण या वर्षी ते मोठ्यांच्या हातात गेलं होतं. गावच्या मोटार रॅलीत शर्यतीआधी बंद रस्त्यावरून एक गाडी एकटीच जाते, शून्य नंबरची. कितीतरी वर्षं हा मान हेल्काच्या आजोबांच्या, म्हणजे उक्कीच्या जुन्या हिरव्या गाडीचा होता. यंदा रॅलीच्या क्लबने ठरवलं, उक्की आणि ओस्सीची आई सिर्कू यांनी दोनदा या रस्त्यावरून पळायचं, गुरुवारी आणि शनिवारी. ज्याची सगळ्यात चांगली वेळ, त्याचा शून्य नंबर.

आणि आज, गुरुवारी सकाळी, उक्की लापशी ढवळत म्हणाले होते, “हरलो तर गाडी शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाकीन. तिला तिथे सावली मिळेल.”

हेल्काने चमचा खाली ठेवला होता. तळ्यापलीकडून तो आवाज येणार नसेल, तर सुट्टी सुरू झाली हे कळणार तरी कसं?

“आला!” ओस्सी कुजबुजला.

तिघंही कान देऊन पडून राहिले. गाडी वळणात शिरली, बाहेर आली, चढाला लागली. पण कशी? घोंगडीखालून कुणी गावं, तशी! नूत्ती ताडकन उठून बसला.

“हा उक्की नाही.”

“अरे, हिरवी गाडी गेली की आत्ता!”

“जाऊ दे. हा उक्की नाही.” नूत्तीला रस्त्यावरची प्रत्येक गाडी तोंडाने वाजवता यायची. त्याने मोठा श्वास घेतला. “हा मागच्या वर्षीचा उक्की. म्मऽऽआऽऽआआ!” चढाच्या शेवटी त्याचं तोंड एवढं उघडलं, की पडजीभ दिसली. “आणि हा आजचा. म्मऽऽऽम्मऽऽऽम्म.” या वेळी ओठ शेवटपर्यंत मिटलेलेच होते.

“परत कर,” हेल्का म्हणाली. त्याने परत केलं. ती हळूच म्हणाली, “कुणीतरी तिचं तोंड दाबून धरलंय.”

निकाल लागला तो सांगण्यासारखा नव्हता. उक्की चढावर हरले हे ठीक, पण वळणांवरही हरले! अंगणात परत आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, प्लग काढून पाहिले, वायरी चाचपल्या. शेवटी इंजिनात जाणारी हवा गाळायची जाळी बाहेर काढून सगळ्यांसमोर धरली.

“बघा, कशी स्वच्छ आहे! गाडीत काही दोष नाही. दोष चालवणाऱ्यात आहे. शनिवारी मी येत नाही.”

“पण उक्की, गाडीचा आवाजच…”

“हरल्यावर सबबी सांगायच्या नसतात, हेल्का.”

बाजूला उक्कींचा मुलगा, यार्कोमामा, खिशात हात घालून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बराच विचार करून तो बोलला, “हं.” उक्कीही म्हणाले, “हं.” या घरातल्या पुरुषांचं संभाषण इथपर्यंत आलं, म्हणजे पुष्कळच झालं!

संध्याकाळी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघाला आणि मोठी माणसं टॉवेल घेऊन तिकडे गेली. उत्तरेकडच्या उन्हाळ्यातला सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. तळं दुधासारखं शांत होतं. तिघं पाय पाण्यात सोडून लाकडी धक्क्यावर बसले होते. हेल्काच्या हातातला पुल्ला, वेलचीचा गोड पाव, तसाच होता.

“एवढं तोंड पाडू नकोस,” ओस्सी म्हणाला. “मलाही बरं नाही वाटत. मला जिंकायचंय, पण असं नाही. दमलेल्या गाडीला हरवण्यात कसली मजा? वर आईने घरी येऊन जाळी माझ्याच तोंडासमोर आपटली! केवढी धूळ! खोकून खोकून बेजार झालो.”

हेल्काचे पाय पाण्यात थांबले.

“काय म्हणालास?”

“खोकून खोकून बेजार…”

“त्याच्या आधी! तुझ्या आईची जाळी धुळीने भरली होती?”

“भरणारच! आठवडाभर पाऊस नाही.”

“मग उक्कीची स्वच्छ कशी? रस्ता तोच, धूळ तीच! तिची धूळ कुणी खाल्ली?”

पुढच्या क्षणी पुल्ला धक्क्यावर होता आणि तिघं गाडीच्या शेडमध्ये. हवा आत घेणारी नळी गाडीच्या तोंडावरच्या पट्ट्यांमागे, दिव्याच्या खाली होती. ओस्सीचा हात मनगटापाशीच अडकला. नूत्तीचा खांद्यापर्यंत गेला.

“काहीतरी आहे,” नूत्ती डोळे मोठे करून म्हणाला. “मऊ आहे. ई! चावलं तर?”

“ओढ!”

त्याने ओढलं. फट्कन एक लांबलचक, रस्त्याच्या रंगाची वस्तू बाहेर आली आणि तिघंही शिंकायला लागले. हेल्काने ती झटकली. मातीखालून लाल लोकर दिसू लागली.

“मोजा!” ती ओरडली. “धोबी पक्ष्याचा मोजा!”

“धोबी पक्षी मोजे घालतात?” ओस्सीने विचारलं.

“अरे, वसंतात ते या नळीत घरटं करतात. म्हणून बर्फ वितळलं की उक्की नळीत मोजा कोंबतो. लाल, आणि त्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवतो, म्हणजे काढायला विसरायला नको. पण मग शेपटी आत कुणी ढकलली?”

सौनाच्या पायरीवर यार्कोमामा अंगातून वाफा काढत बसला होता. रंग बीटासारखा, हातात भाजलेलं मक्कारा, म्हणजे जाड सॉसेज. हेल्काने मोजा त्याच्या नाकासमोर धरला. मामा आणखी लाल झाला.

“मी गाडी धुतली ना शर्यतीआधी. ते पुढे लोंबत होतं. फोटोत बरं दिसलं नसतं. म्हणून जरा… आत सरकवलं.”

“काढलं का नाहीस?”

“त्याने ठेवलंय म्हणजे काही कारण असेल.”

“मग विचारायचं तरी!”

“त्याच्या गाडीबद्दल? त्यालाच?” मामाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याला उघडं गावातून धावायला सांगितलं होतं.

“आता जाऊन सांग!”

“नको, नको. तो म्हणेल, सबबी शोधतोय. तू ओळखत नाहीस का त्याला?”

ओळखत होती, म्हणून तर तिने पुन्हा आग्रह केला नाही. उक्कीला सांगून उपयोग नव्हता. उक्कीला ऐकू यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी तिघं उक्कीसमोर उभे राहिले.

“उक्की, गाडी जाणार ना संग्रहालयात?” हेल्काचा आवाज खरंच कापत होता, नाटक करायची गरजच पडली नाही. “मग एकदाच आमच्यासाठी ने ना तिला चढावर. आम्ही डोळे मिटून ऐकू. शेवटचं.”

उक्कींनी खिडकीबाहेर पाहिलं. “पेट्रोल फुकट जाईल.”

“हळू चालवलंस तरी चालेल,” ओस्सी साळसूदपणे म्हणाला. “वयाला झेपेल तसं.”

उक्कींची एक भुवई वर गेली. मग त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली.

रस्ता क्लबने रॅलीपर्यंत बंदच ठेवला होता. तिघं पळत जाऊन शेवाळावर पडले. ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं.

आणि मग तळ्यापलीकडून तो आला! आधी गुणगुण, मग गाणं, वळणात क्षणभरही न थांबता. चढावर तो उघडत गेला, उघडत गेला, आणि सगळं रान त्या आवाजाने भरून गेलं. झाडं, तळं, पाठीखालचं शेवाळ, सगळं गात होतं. “म्मऽऽआऽऽआआ!” नूत्ती हात पसरून ओरडला, “हा उक्की! हा आमचा उक्की!”

वर पोचल्यावर इंजिन बंद झालं. मग गाडी सावकाश परत निघाली.

अंगणात दोरीवर टॉवेलांच्या रांगेत एकच लाल मोजा वाळत होता. उक्की त्याच्यासमोर उभे राहिले. शेजारी यार्कोमामा येऊन उभा राहिला.

“शेपटी दिसली नाही, म्हणून मला वाटलं तू काढलास,” उक्की म्हणाले.

“मला वाटलं तुला तो आत हवाय.”

“विचारायला हवं होतं मी. पण मग तुला वाटलं असतं, माझा तुझ्यावर विश्वास नाही.”

“हं,” मामा म्हणाला.

“हं,” उक्की म्हणाले. थोड्या वेळाने ते मुलांकडे वळले. “शनिवारी किती वाजता आहे ते?”

शनिवारी पहिली गाडी उक्कीची होती. चढाच्या माथ्याकडे दोन ब्लूबेरी वेचणारे बादल्या घेऊन रस्त्यावर आले होते, बंदची पाटी न पाहता. मुलं त्यांना हाका मारणार, एवढ्यात तळ्यापलीकडून आवाज आला आणि ते दोघं आपणहून झाडीत शिरले. हिरवी गाडी सळसळत गेली. वेचणारे पुन्हा रस्त्यावर आले. मग सिर्कूची गाडी आली. शीळ वळणामागेच राहिली, आणि वेचणाऱ्यांनी मान वर केली तेव्हा गाडी समोर होती! दोघांनी खंदकात उड्या टाकल्या. एक बादली कलंडली आणि रस्त्यावर निळी रेघ उमटली.

मुलं शेवटच्या टप्प्यावर धावत पोचली, तेव्हा क्लबची मंडळी घड्याळाभोवती जमली होती. वळणांवर उक्की पुढे, चढावर सिर्कू. शेवटी पापणी लवते तेवढ्या फरकाने सिर्कू जिंकली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उक्कींनी हेल्मेट काढून तिचा हात हातात घेतला. हेल्काला रडू आवरेना.

ओस्सीने उडी मारायला हवी होती. पण तो आईच्या चाकाजवळ वाकला होता. चाकावर निळे डाग होते.

“आई, शून्य नंबरची गाडी असते कशाला?”

“रस्ता मोकळा आहे ना, ते बघायला. लोकांना सावध करायला.”

“मग तुझी गाडी लोकांना कळलीच नाही. टर्बो आवाज गिळतो. ते बेरीवाले उक्कीला तळ्यापलीकडूनच वाट देऊन मोकळे झाले. तू आलीस तेव्हा त्यांनी खंदकात उडी मारली. या बघ त्यांच्या बेऱ्या.”

सिर्कूने चाकावरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने क्लबच्या टेबलावरून शून्याचा मोठा गोल कागद उचलला आणि हिरव्या गाडीच्या दारावर तळहाताने घट्ट चिकटवला.

“शर्यत मी जिंकले,” ती उक्कींकडे वळून म्हणाली, “आणि मी तुझ्या मागून येईन, एलियास. आम्ही मोठे घड्याळच बघत बसलो. ऐकलं फक्त या पोरांनी. शाबास रे!”

मोज्याची हकिगत मग यार्कोमामाने स्वतःच सांगितली, सलग पाच वाक्यांत. क्लबची मंडळी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

उक्कींनी तिघांच्या डोक्यांवर आळीपाळीने हात ठेवला. “वाईट नाही,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक हेल्काने जन्मात ऐकलं नव्हतं.

रॅलीच्या सकाळी त्यांनी गाडी सुरू करण्याआधी खिडकीतून हात बाहेर काढला आणि लाल मोजा हेल्काला दिला. “मी परत येईपर्यंत हा तुझ्याकडे. आणि आत राहिला असता, तर विचारलं असतंस ना?”

“ओरडून विचारलं असतं!”

थोड्या वेळाने ती शेवाळावर पडून होती, मोजा मुठीत धरून. उजवीकडे ओस्सी तोंड मिटून होता, न सांगता. डावीकडे नूत्तीने श्वास रोखला होता. वारा पडला होता. तळं झोपेत होतं. मग खूप लांबून, पाण्यावरून, ती गुणगुण आली.

“सुट्टी सुरू झाली,” हेल्का म्हणाली आणि तिने डोळे मिटले.