खोल डोळ्यांचे तीन बटाटे

इरावतीला एकच जिवंत बटाटा हवा होता.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका ओसाड बेटावर, कुणीतरी कधीकाळी केलेल्या वाफ्यात, तो अजून आपोआप उगवत होता. युरोपात पहिल्यांदा आलेले बटाटे अँडीज पर्वतातले. पुढे चिलीच्या किनाऱ्यावरचे आले आणि आजचे बहुतेक बटाटे त्यांचेच वंशज. बेटावरचा हा बटाटा त्या पहिल्या, अँडीजच्या गटातला आहे, असा इरावतीचा दावा होता. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत सहकारी गालात हसले होते. पुरावा हवा होता आणि समुद्र तो वाफा रोज थोडाथोडा खात होता.

ऑक्टोबरातल्या एका ओहोटीला तिघं वाळू तुडवत बेटावर पोचले. इरावती, तिची गिर्यारोहक मुलगी दिया आणि "लंडनला, पिनरच्या घरात बसून मी काय भिंती बघू?" म्हणत निघालेले सासरे दीनानाथ, म्हणजे बाबा.

वाफा कड्याच्या अगदी टोकाशी लोंबकळत होता. इरावती दोरावर उतरली.

"आजोबा, आईचा दोरी सोडू नको हां!" इंग्लंडात वाढलेली दिया ओरडली.

"आईची दोरी," आजोबांनी धापा टाकत सुधारलं. "आणि सोडतो कशाला? सून आहे ती माझी!"

इरावतीने बोटांनी माती उकरली. एक! दोन! तीन! इतक्यात वरून दगड घरंगळला. दोघांनी दोर खेचला. ती वर आली आणि तिच्या पायाखालून अख्खा वाफा समुद्रात कोसळला! आता जगात ते तीनच उरले.

तेवढ्यात वादळ आलं. वाळूवर पाणी चढलं. मेंढपाळांच्या दगडी खोपटात रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी, बाबांचा उपवास! ब्रेड होता, चीज होतं. पण बाबांची खजुराची पिशवी येताना पाण्यात गेली होती.

मायलेकी भरती ओसरतेय का बघायला गेल्या. परतल्या तर खोपटात जिऱ्याचा वास!

"या, गरम आहे तोवर खा," स्टोव्हपाशी बसलेले बाबा म्हणाले.

इरावतीने पिशवी उघडली. रिकामी.

"बाबा... ते तीन बटाटे?"

"अगं, तीनच तर होते. तुझे नमुने तू वेगळे ठेवले असशील, असं वाटलं. आणि डोळे केवढे खोल! साल जाड काढावी लागली, अर्धा बटाटा त्यातच गेला."

इरावतीने हातातली पिशवी टाकली. खोल डोळे! प्रत्येक डोळ्यात एक कोंब असतो आणि जाड सालीत तो वाचतो.

"साली कुठे आहेत?"

बाबांचा चेहरा पडला. "बाहेर फेकल्या गं."

तिघंही धावले. वारा अंगावर येत होता. सीगल पक्षी आधीच उतरले होते! दियाने जॅकेट फिरवत त्यांना हुसकावलं. सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा गुडघ्यांवर रांगत चिखल चाचपू लागले. अकरा डोळे मिळाले. इरावतीने ते ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात घातले आणि कमरेएवढ्या पाण्यातून डबा डोक्यावर धरून किनारा गाठला.

मार्चमध्ये अहवाल आला. चिलीच्या गटात हरितलवकाच्या डीएनएचा जो छोटा तुकडा गळालेला असतो, तो इथे शाबूत होता. अँडीजचाच!

"म्हणजे शेकडो वर्षांच्या वंशाला मी जिऱ्याची फोडणी दिली?" बाबांनी फोनवर हळूच विचारलं.

"चार डोळे जगलेत, बाबा. आणि भाजी खरंच छान झाली होती."

त्या चार रोपांनी सगळा उन्हाळा नुसती पानं काढली. दिवस आखूड झाल्यावर, नोव्हेंबरात, कुंडीत बटाटे धरले. इरावतीने पहिला पिनरला नेऊन बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन्ही तळहातांत धरला, उलटासुलटा पाहिला आणि ओट्यावरची सुरी उचलून मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवली.