न बिघडलेली पाच बेअरिंग्ज

"शू... बोलू नका."

पंपघरात पाऊल टाकताच तिच्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभा होता.

"बेअरिंग कुरकुरतंय," तो म्हणाला. "हं, बोला आता. कोण आपण?"

"मुख्य ऑफिसातून आलेय. पंप किती वेळा बंद पडतात, ते काढायचंय."

"म्हणजे आकडेबाई!"

नाव चिकटलं. दोन महिने दर मंगळवारी ती रजिस्टर उतरवून घ्यायला यायची. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड करून ऑफिसात. रविवारी आईचा फोन यायचा, "कुणाशी बोलतेस की नाही गं?"

"बोलते की... मंगळवारी."

रजिस्टरात चार वर्षांत दोन्ही पंपांचा एकही बिघाड नव्हता. तिनं तसाच अहवाल पाठवला. ऑफिसनं ठरवलं, पंप बिघडतच नाहीत, तर फिटर कशाला? पोस्ट रद्द.

ही बातमी त्याला तिनंच सांगितली, खाली मान घालून. त्यानं बाकाखालून पेटी ओढली. आत चोवीस जुनी बेअरिंग्ज. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी.

"अहो, हे रजिस्टरात का नाही?"

"बंद पडायच्या आधीच बदलली. पंप बंद पडलाच नाही, तर बिघाड काय लिहू?"

तिनं कपाळावर हात मारला. एवढं मोठं शून्य दिसल्यावर तिनं तरी विचारायला नको होतं?

"तुमच्यासाठी आकडा फुगवणार नाही हं मी."

"फुगवू नका. मोजा."

एकेक बेअरिंग बोटावर फिरवून तिनं भिंगातून पाहिलं. एकोणीस खरंच शेवटच्या घटका मोजत होती. पाच मात्र ठणठणीत — आणि पाचही चिठ्ठ्यांवर गेल्या दोन महिन्यांतले मंगळवार.

"ही का बदललीत?"

त्याचे कान लाल झाले. "पंप उघडा असला की... तुम्ही बघत थांबायचात."

तिला वाटायचं, साफसफाई चाललीय. तिनं पेन उचललं.

"ही पाच धरता येणार नाहीत."

"माहितीय. खोडा."

दोन पंप, चार वर्षं, एकोणीस बेअरिंग्ज. हा माणूस नसता तर प्रत्येक पंप साधारण दर पाच महिन्यांनी बंद पडला असता. तिनं चूक कबूल करून नवा अहवाल पाठवला. आठवड्यात पत्र आलं — पोस्ट कायम.

पत्र द्यायला ती स्वतः आली.

"म्हणजे इथलं काम संपलं तुमचं," तो म्हणाला. पत्र त्यानं उघडलंही नव्हतं.

"हो. आता लांबचं पंपघर दिलंय. पण शनिवारी अर्धाच दिवस असतो."

"शनिवारी इथं बघण्यासारखं काहीच नसतं, आकडेबाई."

"नसू दे." ती बाकावर बसली. "मला बोलायला दुसरं कुणी नाही इथं... आणि असतं ना, तरी मी इथंच आले असते."