द्रौपदाबाईचे सातशे रुपये

पितांबर माझा साडू. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. उलट ही गोष्ट सांगून त्याचीच अब्रू गेली. म्हणून मी ती खरी मानतो. सरकून बसा, आणि मध्ये कुणी हसू नका रे.

सत्तर सालचा डिसेंबर, अठ्ठावीस तारीख, सोमवार. मार्गशीर्षातली अमावस्या. धुळ्याहून सुटणाऱ्या शेवटच्या एसटीनं पितांबर शिरपूरला उतरला. सरकारनं चौदा मोठ्या बँका ताब्यात घेतल्याला दीड वर्ष होत आलं होतं आणि गावोगाव नव्या शाखा निघत होत्या. त्यातलीच एक उद्या सकाळी दहाला शिरपूरला उघडायची होती. पितांबर तेव्हा त्याच बँकेच्या धुळे शाखेत कारकून; कोरे फॉर्म, शिक्के आणि किल्ल्या घेऊन त्याला पुढं पाठवलं होतं. रात्री तिथंच झोपायचं, सकाळी झाडलोट करून घ्यायची. एवढंच काम.

इमारत त्याच्या ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी तिथं व्यापाऱ्यांची एक लहानशी खाजगी बँक होती आणि पितांबर तिथं कारकून होता. मॅनेजर धनसिंग त्याला म्हणायचा, "गरीब माणसं तुझं ऐकतात. तू सांग त्यांना." पितांबर वस्तीवस्तीत सांगत फिरला. कापसाच्या जिनिंग गिरणीत कामाला जाणाऱ्या द्रौपदाबाईनं त्याच्या शब्दावर सातशे रुपये ठेवले. एकटी विधवा बाई. मरायच्या आधी स्वतःची एक खोली व्हावी, एवढंच तिचं म्हणणं. एकसष्ट साली बँक बुडाली. धनसिंग रातोरात गाव सोडून गेला. बाई दोन महिने रोज बंद दाराशी येऊन बसायची. त्याच थंडीत ती वारली.

"धनसिंगनं मलाही फसवलं," पितांबर ज्याला त्याला सांगायचा. मलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

तर त्या रात्री त्यानं दाराला आतून अडसर घातला, सतरंजी टाकली आणि दिवा बारीक करून आडवा झाला. दीडच्या सुमाराला दार वाजलं.

"कोण?"

"भाऊ, बँक उघडनी का?"

बाईचा आवाज. दमलेला. खेड्यातून कुणी लवकर निघून आलं असेल, असं त्याला वाटलं.

"सकाळी दहाला, माय. आता घरी जा."

मग हळूच...

"मागे बी तू हाईच सांगेल व्हतं."

पितांबर उठून बसला. आवाज ओळखीचा होता.

"मना पैसा आठेच शेतस. तुना बी आठेच व्हतात ना, भाऊ?"

माझे पैसे इथंच आहेत, तुझेही इथंच होते ना, असं ती विचारत होती. बँक बुडायच्या आदल्या दुपारी धनसिंगनं स्वतःचे पैसे काढून घेतले, ते पितांबरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यानंही आपले चारशे मुकाट्यानं काढले. संध्याकाळी द्रौपदाबाई धापा टाकत आली. लोक काहीबाही बोलतात, मना पैसा दे, म्हणाली. तेव्हा हा म्हणाला, "माय, माझेही इथंच आहेत की. घरी जा." बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"तुना... आठेच व्हतात ना?"

दार वाजत नव्हतं. कुत्रं भुंकत नव्हतं. ती वाट पाहत होती.

"नव्हते," तो म्हणाला. "मी काढले होते, माय."

बाहेरून काहीच नाही.

हुंदका नाही. शिवी नाही. पावलं दूर गेल्याचा आवाजही नाही...

तो भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. दिवा विझला. उजाडलं.

साडेसातला नवा शिपाई भटू आला. बाहेरूनच ओरडला, "पितांबरभाऊ, आत कोणी बाई शे का?"

"नाही. का?"

"मग ह्या चपला कोन्या?"

पितांबरनं अडसर काढला. पायरीवर बायकी चपलांचा एक जोड होता. जुना, टाचा झिजलेला, तोंड दाराकडं. भटूनं तो बाजूला सारायला उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली टाकला. मग पितांबरनं वाकून हात लावला.

पायरी बर्फासारखी गार होती. चपला उबदार होत्या.