शेवंतीचा अंगठा

"नाही म्हणजे नाही! मी अंगठा देणार नाही!" शेवंतीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

साल होतं दोन हजार बासष्ट, आणि ठिकाण अंटार्क्टिकावरचं संशोधन केंद्र. किनाऱ्याच्या अहवालावर तिथल्याच एका मुलाचा अंगठा लागे, कारण त्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त वर्षं मुलांनाच काढायची असतात. म्हणून कोकणातल्या तारखोल गावची अकरा वर्षांची शेवंती कुबल इथवर आली होती. अहवालात काय, तर 'बर्फ वितळून समुद्र वाढणार नाही. तारखोलला बंधारा नको.' आणि तिच्या पडवीत दर उधाणाला पाणी शिरत होतं!

अहवाल लिहिणाऱ्या टिप्या यंत्रमानवाने काठोकाठ भरलेला पेला पुढे केला. "यात बर्फ तरंगत होता. वितळला. थेंब तरी सांडला? तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारतो. वितळला की तेवढीच जागा भरतो."

बरोबरच होतं की मेल्याचं! मग पडवीतलं पाणी आलं कुठून? शेवंतीला रडू यायला लागलं.

"अहवाल न्यायचं जहाज दुपारी सुटतंय गं," केंद्रप्रमुख डॉ. सुलभा खोत हळूच म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर एक लांबुडका दगड होता.

"मावशी, हा कुठला?"

"इथलाच. दोन किलोमीटर बर्फ कापल्यावर तळाशी लागला."

"तळाशी दगड? म्हणजे आपल्या पायाखालचा बर्फ तरंगत नाहीच!"

तिने तो दगड दुसऱ्या पेल्यात उभा केला. पेला काठोकाठ भरला, तरी दगडाचं डोकं वर राहिलं. त्यावर तिने बर्फाचा तुकडा ठेवला आणि पेला अहवालावरच मांडला. अर्ध्या तासात पाणी काठावरून ओघळलं. अहवाल चिंब!

"हा हिमस्तर (जमिनीवर साचलेला बर्फाचा प्रचंड थर)," डॉ. खोत म्हणाल्या. "कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत सोडलेला वायू उष्णता धरून ठेवतो. जग तापतं, हा थर वितळतो, त्याचं पाणी समुद्रात उतरतं आणि समुद्र चढतो. चुकलंच आमचं."

"मला फक्त तरंगता बर्फ मोजायला सांगितलं होतं," टिप्या पुटपुटला.

"आणि विचारायला तोंड नव्हतं?" शेवंती फणकारली.

नवा अहवाल आला. 'समुद्र वाढेल. बंधारा हवा.' डॉ. खोतांनी शाई पुढे केली.

"थांबा. आणखी लिही, टिप्या. 'धूर कमी केला तर पुष्कळ बर्फ अजून वाचेल. ते काम एकट्या तारखोलचं नाही, सगळ्यांचं आहे.'"

"असं लिहायचा नियम नाही."

शेवंतीचे हात पुन्हा पाठीमागे गेले.

टिप्याने लिहिलं. मगच तिने अंगठा शाईत बुडवला.