नाक सरावतं

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? माझी धाकटी मावशी कधी भुताखेतांच्या नादी लागली नाही. जे झालं ते तिच्याच घरात झालं. तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी पावणेसातला.

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या कानामागे नीट वाकवून द्यायच्या. घरात ती आणि माझी थोरली मावशी, आक्का. दोघीच.

आक्का निशिगंधाचं सेंट लावायची. भसाभसा.

"आक्का, डोकं उठलं माझं! अख्खी बाग अंगावर घेऊन फिरतेस का?" मावशी करवादायची.

शेवटी आक्काने घरात लावणं सोडलं. बाहेर पडताना जिन्यात लावायची. परत आली की थेट बाथरूममध्ये जाऊन मनगटं चोळचोळून धुवायची, मगच खुर्चीत टेकायची.

मग आक्का वारली.

घर खायला उठलं. मावशीने तीच बाटली काढली आणि स्वतः लावू लागली. मळमळायचं... पण आक्का जवळ असल्यासारखं वाटायचं. पंचाईत अशी, की नाक सरावतं. पाच मिनिटांत वास येईनासा व्हायचा. मग ती आणखी लावायची. गिऱ्हाइकं श्वास रोखून बसायची.

"ताई, जरा बेतानं लावत जा," दुकानाचे मालक म्हणाले.

मावशी ओशाळली. बाटली कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं.

आठव्या दिवशी, पावणेसातला...

दारात घमघमाट.

मावशीच्या अंगावर थेंब नव्हता. जिन्यात कोणी नव्हतं.

वास आत आला... तिच्या अंगावरून पुढे गेला...

आणि बाथरूममधला नळ सुरू झाला.

पाणी वाहत होतं, वास विरत होता. भीतीपेक्षा मावशीला रडूच जास्त आलं.

"आक्का, नको गं धुऊस. राहू दे. मला चालतं."

नळ बंद झाला.

खोलीभर निशिगंध पसरला. आक्काची खुर्ची करकरली...

पाच मिनिटांनी वास येईनासा झाला.

आक्का गेली... की नाक सरावलं?

याला दोन वर्षं झाली. बाटली अजून कुलपात आहे, मी डोळ्यांनी पाहिली आहे. तरी परवा मालकांनी मावशीला पुन्हा टोकलं.

मी भेटायला गेले की ती दारातच विचारते, "खरं सांग, येतोय का गं वास?"

येतो. डोकं उठेल इतका येतो. फक्त तिलाच येत नाही.

मी हो म्हटलं की ती हसते. मला मात्र तिथे फार वेळ बसवत नाही.