धोंडी साळ्याचा माग

धर्माआजा पूर्वी बैलगाडीनं भाडी करायचे. परवा, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, जेवणं उरकून आम्ही शेगडीभोवती बसलो होतो. शकूनं त्यांना विचारलं, "आजा, तुमी भूत पायलंत का वो?"

"भूत नाय पायलं. जित्या माणसाचं काय तरी पायलं. त्याला काय म्हणतात, मला ठाव नाय."

त्यांनी कंदिलाची वात खाली केली.

"वात कशाला कमी करता?" धाकटा नवसू घाबरून म्हणाला.

"रॉकेल कार्डावर मिलतं रे, राजा. तुला भ्या वाटतं तं आयशीजवल जा."

नवसू हलला नाही. पुढचं सगळं आजांच्या तोंडचं आहे. मी ते फक्त नीट लिहून काढलं.

सदतीस सालचा पौष. मुरबाडच्या धोंडी साळ्याचा माग शहापूरला पोचवायचं भाडं मला आलं होतं. धोंडी माझा जुना ओळखीचा. माग सागवानी, चाळीस वर्षं वापरलेला, पण कुठं चीर नाही की कीड नाही. दर सोमवारी तो करंजाच्या तेलानं पुसायचा. त्याची बायको गोजर म्हणायची, "माज्या डोक्याला कधी तेल लावलंत का एवढं?"

धोंडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तुटलेला धागा दिसेना, म्हणून माग विकायला काढला. गिऱ्हाइकं यायची. एकाला म्हणाला, तुझे हात घामट. दुसऱ्याला म्हणाला, तू दारू पितोस. मग शहापूरची सकुबाई आली. तिचा नवरा विणकर होता, तो वारला होता. पदरात दोन मुली. दिरानं बजावलं होतं, पौष अमावास्येपर्यंत एक लुगडं विणून विकून दाखव, नाहीतर पोरी माझ्या घरी येतील, गुरं राखतील.

ती मागावर बसली. पायाखालच्या पावड्या दाबल्या, आडव्या सुताचा धोटा फेकला. खट्‌... खट्‌. काय सांगू, माग गाणं म्हटल्यासारखा चालला! धोंडीला दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"द्या तिला," गोजर म्हणाली. "माग काय लेनं हाय, पेटीत ठेवायला?"

दिला.

साळ्यांची एक रीत असते. चालता माग विकताना तो रिकामा करत नाहीत. जुन्या ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, वीतभर धागे फणीत तसेच ठेवतात. घेणारा आपले धागे त्यांना जोडतो. पण पहिली गाठ विकणाऱ्यानं मारायची. मगच त्याचा हात मागावरून सुटतो, असं मानतात.

सकुबाई म्हणाली, "मामा, पयली गाठ तुमी मारा."

"मला दिसत नाय. तुजी तू मार."

मी ऐकत होतो. अरे, हा माणूस अंधारात शेकडो गाठी मारायचा! पण म्हटलं, भाड्याची गाडी, आपल्याला काय?

पौर्णिमेला माग शहापुरात उतरवला. षष्ठीला सकुबाईचा निरोप आला, धर्मादादा, रात्रीला या.

गेलो. ती म्हणाली, "दिवसा इनते ते सकाली नसतं."

"उंदीर असतील गो."

"उंदीर सूत गुंडालून ठेवतात का?"

तिनं सूत गुंडाळायच्या कांड्या दाखवल्या. विणलेलं सगळं लाल सूत उलगडून कांड्यांवर परत भरलेलं. एक धागा तुटलेला नाही. विणकराच्या हातचं काम.

त्या रात्री मी नि सकुबाई ओट्यावर बसलो. मुली आत झोपलेल्या. दोन वाजले असतील.

खट्‌.

सकुबाईनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दारातून आत पाहिलं. बैठकीवर कोणी नव्हतं. पावडी खाली गेली. वर आली. दुसरी गेली. धोटा इकडून तिकडं... आणि कापड वाढत नव्हतं. कमी होत होतं. बोटभर... चार बोटं...

"धोंडीमामा," सकुबाई म्हणाली.

माग थांबला.

"मामा, माज्या पोरी जातील वो..."

काही नाही.

मग माग पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात.

पहाटेच गाडी जुंपली. दुपारी मुरबाड. गोजर दारातच भेटली. "बरं झालं आलात. हे रातभर निजंत पाय हालवतात. मी धरून ठेवले तं मलाच ढकललं."

धोंडी ओटीवर बसला होता. मी त्याचा हात धरला. बोटं लाल. सकुबाईच्या सुताचा रंग कच्चा होता.

"हे काय रं, धोंडी?"

"मला काय ठाव? मी निजलेला."

"चल. गाठ मार."

त्यानं हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "धर्मा, चालीस वर्सं मी त्याला पुसला. माज्या हातात तो असा कदी वाजला नाय रं. तिनं दोन फटक्यात वाजवला."

"म्हणून तिच्या पोरी गुरांमागं घालवशील?"

संध्याकाळी तो आपणहून गाडीत बसला. किन्हवलीच्या अलीकडं त्याला झोप लागली. मी मागं वळून पाहिलं. घोंगडीखाली त्याचे पाय... डावा. उजवा. डावा. उजवा. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी गालावर चापट दिली, तेव्हा तो दचकून उठला. रडत होता.

"वीतभरच उसवायचं ऱ्हायलं व्हतं रं तिचं कापड," म्हणाला.

मग शहापूर येईपर्यंत मी त्याला झोपू दिलं नाही. सूर्य उगवताना त्यानं चाचपडत फणी शोधली. सकुबाईनं आपण मारलेली कडेची पहिली गाठ सोडवली. त्यानं डोळे मिटून ती पुन्हा मारली. म्हणाला, "तुजा माग, तुजा हात."

नंतर कापडाला कोणी हात लावला नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी लुगडं उतरलं. मुली आईजवळ राहिल्या.

आजा थांबले. नवसूनं सुस्कारा सोडला. "मंजे सुटला की हात!"

"सकुबाईच्या मागावरून सुटला."

"मग?"

"माघात धोंडी गेला. तेराव्याला मी गेलो होतो. माग होता ती जागा मोकली. गोजरनं सारवून तिथं जातं मांडलं. दुसऱ्या दिवशी सकाली मला हाक मारली. मी पायलं..."

आजांनी शेगडीतले निखारे सारले.

"दोन माणसांनी उचलायचं जातं. भिंतीशी सरकवलेलं. आणि ओल्या सारवणात दोन पावलं. डावं पावडी दाबल्यासारखं खोल रुतलेलं, उजवं उथल. गोजरनं परत सारवलं. दुसऱ्या दिवशी उजवं खोल होतं."